जुबेदा आपाची साक्ष

आमच्या घरी जेवताना वाद घालायला मनाई नव्हती. अट एकच होती. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवायचं. समोरचा "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हणाला की मगच स्वतःचं उत्तर द्यायचं. पप्पा या पद्धतीला 'हरकती' म्हणत. पद्धत त्यांची नव्हती. तेराव्या शतकातल्या एका इटालियन संन्याशाची होती. त्याने देव, पाप, खोटं बोलणं, देवदूत, व्याज अशा झाडून सगळ्या विषयांवर याच रीतीने लिहून ठेवलं होतं. आधी विरोधकांच्या हरकती, मग स्वतःचा निर्णय, मग एकेका हरकतीला उत्तर. आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. पप्पा 'आचार्य' म्हणत. आई 'तुमचा जाडा साधू' म्हणे, कारण तो अंगाने फार अवाढव्य होता असं एकदा पप्पांनीच सांगितलं होतं.

पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. मिशनच्या शाळेतून पुण्याच्या सेमिनरीत गेले आणि धर्मगुरू व्हायच्या थोडं आधी बाहेर पडले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सेमिनरीतून त्यांनी लॅटिन आणलं, लोखंडी पेटीभर पुस्तकं आणली आणि ही सवय आणली. नोकरी काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझरची. ट्रक लागले की उभं राहायचं, माल उतरवून घ्यायचा, दोन ट्रकांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून आचार्य वाचायचे. गोदामातली माणसं त्यांना 'पाद्री' म्हणत. त्यांना ते आवडत नसे. पण हरकतही घेत नसत, कारण ती पुरेशी चांगल्या रीतीने मांडता येत नसावी.

आमचं घर भिवंडीत लूमच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना कारखाने, त्यामुळे भिंती सतत थरथरत. ताटातला डाळीचा थर हलताना दिसे. पाहुणे आले की मोठ्याने बोलत आणि मग ओशाळत. आम्हाला मोठ्यानेच बोलायची सवय होती. देव आहे हे बुद्धीने सिद्ध करता येतं का, हा प्रश्न पप्पांनी मला पहिल्यांदा विचारला तो ओरडून. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी गल्लीत कावळे ऐकू येत, कुणाच्या तरी घरचा प्रेशर कुकर ऐकू येई, आणि पप्पा अवघड प्रश्न शुक्रवारसाठी राखून ठेवत.

एका शुक्रवारी आईने सुकटीचं कालवण केलं होतं, माहेरचा, बाटलीत भरून ठेवलेला मसाला घातलेलं, आणि तांदळाच्या भाकऱ्या. पप्पांनी मला विचारलं, "लूममधला धोटा कशाने हलतो?"

"काठीने."

"काठी?"

"पट्ट्याने. पट्टा मोटरने. मोटर करंटने."

"आणि करंट?"

"पडघ्याच्या सबस्टेशनहून येतो."

"असं मागे मागे किती जायचं? कुठेतरी असा एक हवा की जो हलवतो, पण ज्याला कुणी हलवत नाही. नाहीतर उद्या लूम चालू केले तरी धोटा हलणारच नाही. हे आचार्यांचं म्हणणं."

आई तव्यावरून भाकरी उचलत म्हणाली, "पडघ्याहून कवा कवा येतच न्हाय. मंग तुमचा देव बी लोडशेडिंगवर हाय का?"

पप्पा खूप हसले. "रोजी, ही चांगली हरकत आहे," ते म्हणाले आणि तिला पद्धतशीर उत्तर द्यायला लागले. आई ऐकत नव्हती. ती दुसरी भाकरी थापत होती. आई कोन गावाच्या पलीकडच्या खाडीकाठची, जुन्या ख्रिस्ती घरातली. तिच्या माहेरी धर्म म्हणजे सण, नवस, मयत आणि कबरीवर लावायच्या मेणबत्त्या. सिद्ध करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

मी त्या ताटावर जे शिकले त्यावर पुढे माझं पोट भरलं, हे नोंदवलं पाहिजे. उपसंपादकाचं काम तेच असतं. ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याची बाजू त्याला मान्य होईल अशी लिहायची. माझे वरिष्ठ याचं कौतुक करत. हे कुठून आलं ते मी त्यांना सांगितलं नाही.

मी पंधरा वर्षांची असताना आईला पुन्हा दिवस गेले. तिचं वय चाळिशीचं. माझ्यानंतर दोनदा पोट राहून गेलं होतं. त्यामुळे आनंद कुणी उघड केला नाही. आईने मासळी बाजारात जाणं थांबवलं आणि जुबेदा आपाकडे जाणं वाढवलं. जुबेदा आपा गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. कोकणी मुसलमान, तीन पिढ्या भिवंडीतल्या. नवरा वारल्यावर त्या जवळच्या एका खाजगी प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या होत्या. त्या आईला 'रोजी' म्हणत आणि तिच्या तोंडावर तिची टिंगल करत. "रोजी, म्हातारपणी काय गो हे तुझे शौक? तुझ्या पोरीचं लगीन करायचं सोडून."

"तुझ्याच हातात द्यायचंय पोर," आई म्हणे. "तूच बघ."

सातव्या महिन्यात आईच्या पायांवर सूज आली. तेव्हा तिने जुबेदा आपांना एक गोष्ट शिकवली. मी तिथे होते. लसूण सोलत बसलेल्या दोघी. आई सांगत होती की पोर अशक्त निघालं, फादर यायला वेळ नसला, तर कुणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतू शकतं आणि बाप्तिस्मा देऊ शकतं. बाप्तिस्मा झाला की पोर देवाचं. शब्द एवढेच. तिने ते म्हणून दाखवले. जुबेदा आपांनी परत म्हणून दाखवले.

"पण मी मुसलमान, रोजी. माझ्या हातचं चालेल तुमच्या देवाला?"

"चालतं. यांच्या जाड्या साधूनं लिवलंय. मी विचारलं यांना."

तिने खरंच विचारलं होतं. जेवताना, सहज, भात वाढता वाढता. पप्पांना आनंद झाला होता, कारण आईने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्यांनी सविस्तर सांगितलं होतं: पुरुष, बाई, ख्रिस्ती, अख्रिस्ती, कुणीही, अडचणीच्या वेळी, फक्त चर्चला जे करायचं असतं तेच करायचा हेतू हवा.

रमजान सुरू होता. त्या दिवशी सकाळीच आईला कळा लागल्या. जुबेदा आपांनी रिक्षा आणली. मी बरोबर गेले. पप्पांना गोदामात फोन केला. प्रसूतिगृह म्हणजे एका दुकानावरचा मजला होता. लांब बाक, हिरवा पडदा, पडद्यामागे दोन खाटा, त्याच्या पलीकडे आतली खोली. मी बाकावर बसले होते. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, मग आईचा, मग काही नाही. बाळाचा आवाज आलाच नाही. त्या शांततेत जुबेदा आपांचा आवाज आला, हळू, एकेक शब्द जपून उच्चारलेला. ते शब्द मला ओळखू आले.

पप्पा आले ते फादरना घेऊनच. आमचे त्या वेळचे फादर तरुण होते, वसईकडचे, स्कूटरवरून फिरत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'मृत जन्म' असं लिहिलं होतं आणि त्या दुसऱ्या बाईकडे गेल्या होत्या. मुलगी होती. तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आईच्या शेजारी ठेवलं होतं. आईला पडद्यामागच्या खाटेवर आणलं होतं. पडद्याच्या खालून तिच्या खाटेचे पाय दिसत होते.

फादर आत जाऊन आले. ते पप्पांना म्हणाले, "रोजीबाई म्हणतात, बाप्तिस्मा झालाय. आपांनी दिलाय. नाव क्लारा. रोजीबाईंच्या आईच्या कबरीत ठेवू. मी संध्याकाळी प्रार्थना घेतो. तुमचं काही म्हणणं?"

पप्पांनी टोपी काढून बाकावर ठेवली. पुढचं मी शक्य तितकं जसं घडलं तसं लिहिते आहे. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

ते म्हणाले, "हरकत पहिली. पाणी घालणारी बाई ख्रिस्ती नाही. जे स्वतःकडे नाही ते दुसऱ्याला कसं देणार?"

जुबेदा आपा पडद्याशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"उत्तर," पप्पा म्हणाले. "देणारा ईश्वर आहे. माणूस फक्त हात. हात कुणाचाही चालतो. हरकत दुसरी. तिचा यावर विश्वास नाही. उत्तर. विश्वासाची गरज नाही, हेतूची आहे, आणि हेतू होता. हरकत तिसरी. फादर हजर नव्हते. उत्तर. अडचणीच्या वेळी फादरची गरज नाही."

फादर हसले. जुबेदा आपांनी पदराने तोंड पुसलं. मलाही वाटलं की ते आईच्या बाजूने बोलत आहेत. मला रीत माहीत होती. हरकती पडल्या की निर्णय उरतो. एकेक पडत होती.

"आता मूळ प्रश्न," पप्पा म्हणाले. "प्रेताला बाप्तिस्मा देता येत नाही. आपा, तुम्ही पाणी घातलंत तेव्हा मुलगी जिवंत होती?"

"होती भाऊ."

"श्वास होता?"

"गरम होती पोर."

"गरम ती आईच्या पोटाने होती. श्वास विचारतोय."

फादर म्हणाले, "पुरे. शंका असली तरी पुरे आहे. शंकेचा फायदा लेकराला."

"मला शंका नकोय, फादर. या बाई तिथे होत्या. त्यांना माहीत आहे." ते जुबेदा आपांकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. ते कधीच चिडून बोलत नसत. "आपा, कुणाच्या भल्यासाठी बोललेलं खोटंसुद्धा खोटंच. आमच्याकडे पाप आहे, तुमच्याकडेही आहे. आणि तुम्ही रोज्याने आहात."

जुबेदा आपांनी पडद्याकडे पाहिलं.  रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि "आने दे, आने दे" ओरडत होतं. 

"मना वाटलं हलली," त्या म्हणाल्या.

"वाटलं, की हलली?"

"भाऊ, मी पाणी घातलं, त्यानं डोकं कलंडलं. तेच असेल." त्या रडायला लागल्या. "श्वास नव्हता. नव्हता भाऊ."

पप्पांनी मान हलवली. त्यांनी जुबेदा आपांचे आभार मानले. खरोखर मानले, "तुम्ही खरं बोललात" असं म्हणून.

फादर त्यांना बाजूला घेऊन गेले, पण मजला लहान होता. "तुम्ही हे का केलंत?" ते म्हणाले. "चर्च इतकं विचारत नाही. बाप्तिस्मा नसला तरी आईबापांची इच्छा होती म्हणून बिशप परवानगी देतात. मी आत्ता फोन करतो."

"परवानगीने वस्तुस्थिती बदलत नाही."

"देवाची दया आहे की नाही?"

"दया आहे. पण ती काय करते ते आपल्याला सांगितलेलं नाही. जे सांगितलंय तेवढंच मी म्हणू शकतो."

"मग मी म्हणतो. तुम्ही फक्त गप्प बसा. ते पापच असेल तर हलकं पाप आहे. मी आजच माफ करतो."

"हलकं पापसुद्धा चांगल्या कामासाठी करता येत नाही," पप्पा म्हणाले. फादरना फोन करू दिला नाही. बापाची संमती नसताना फादरनीही पुढे रेटलं नाही. त्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही, पण ते वयाने लहान होते आणि पप्पांचं लॅटिन त्यांच्यापेक्षा चांगलं होतं.

चर्चच्या दफनभूमीत मागच्या भिंतीलगत एक पट्टी होती. बाप्तिस्मा न झालेली बाळं पूर्वीपासून तिथे पुरत. नाव नाही, क्रूस नाही. पप्पांनी कापडातलं ते गाठोडं स्वतः नेलं. पडदा बाजूला करून ते आत गेले तेव्हा आईने ते त्यांच्या हातात दिलं. अडवलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं.

आठवडाभराने आई चुलीशी आली. पहिल्या दिवशी भात आणि कोलंबीची आमटी. पप्पा जेवत होते. लूम चालू होते, तरी ती हळू बोलली आणि पप्पांना दोनदा विचारावं लागलं.

"माझी इच्छा होती ना? बाप्तिस्म्याची. ती न्हाय चालत?"

पप्पांनी घास खाली ठेवला. त्यांनी तिचं म्हणणं तिच्यापेक्षा चांगलं मांडलं. मग सांगितलं की इच्छा चालते, पण मोठ्या माणसाची, स्वतःची. दुसऱ्याने दुसऱ्यासाठी केलेली नाही.

"मंग कुठं हाय ती?"

"जिथे दुःख नाही. आग नाही. तिच्या कुवतीप्रमाणे ती सुखी आहे. फक्त ईश्वराचं दर्शन नाही. आणि ते असतं हे तिला ठाऊक नाही, म्हणून तिला खंत नाही. आचार्यांनी फार जपून लिहिलंय, रोजी. त्यांच्याआधीचे लोक त्या मुलांना आगीत घालत होते."

"आन मी मेले की?"

"तू देवाजवळ."

"म्हंजे ती तिथं, मी इथं. कायमचं."

"हो."

आईने पातेलं पुढे ओढलं. "भात वाढू अजून?"

त्यानंतर तिने त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. भांडण झालं नाही. ती त्यांना वेळेवर डबा देत होती, त्यांचे कपडे धूत होती, रविवारी त्यांच्या शेजारी चर्चमध्ये बसत होती. पप्पा मला हरकती विचारत राहिले आणि मी उत्तरं देत राहिले. दोघांच्याच बोलण्याची ती जेवणं मला आठवतात ती आवाजाने: लूम, आमचे दोन आवाज आणि आईच्या पळीचा. जुबेदा आपांनी आमच्याकडे येणं सोडलं होतं. ईदच्या दिवशी आईच त्यांच्याकडे गेली, मला बरोबर घेऊन. जुबेदा आपा दारातच म्हणाल्या, "रोजी, मी झूट बोलायला हवं होतं गो." आई म्हणाली, "रोजा होता तुझा," आणि आत जाऊन बसली. दोघींनी शीरखुर्मा खाल्ला. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

इथे एक गोष्ट लिहिली तर क्रम मोडतो, पण लिहिते. आचार्यांनी शेवटी लिहिणं थांबवलं होतं. मरणाच्या काही महिने आधी, प्रार्थनेच्या वेळी त्यांना काहीतरी जाणवलं, आणि त्यानंतर आपलं सगळं लिखाण त्यांना कवडीमोल वाटलं. मोठा ग्रंथ अर्धवट राहिला. हे मी तिशीत, दुसऱ्याच कामासाठी काही वाचत असताना वाचलं. इतिहासात नोंदलेली, सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे. पप्पांच्या पेटीतल्या पुस्तकांच्या प्रस्तावनेतही ती आहे, मी नंतर पाहिली. त्यांनी ती आम्हाला कधी सांगितली नाही.

बाळ गेल्यावर काही वर्षांनी, विशीत, मी एका वृत्तपत्रात उमेदवारी करत होते. तेव्हा रोमहून आलेला एक मजकूर माझ्या टेबलावर आला. धर्मपंडितांच्या समितीने म्हटलं होतं की बाप्तिस्म्याविना मेलेली बाळं देवाजवळ जातात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. मला आतल्या पानावर तीन परिच्छेद करायला सांगितलं. मी केले. मूळ मजकूर घरी नेऊन पप्पांना दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "आशा म्हटलंय," ते म्हणाले. "खात्री म्हटलेलं नाही." मग चष्मा पुसला आणि मजकूर तिसऱ्यांदा वाचायला घेतला. त्यांच्याकडे हरकत नव्हती. मी त्यांना तसं पूर्वी पाहिलं नव्हतं. आई तांदूळ निवडत होती. तिला ऐकू गेलं होतं. ती उठली नाही.

रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना संपल्यावर पप्पा नव्या फादरकडे गेले. मी आणि आई बाहेर उभ्या होतो. पप्पांनी अंगावर लग्नातला कोट घातला होता. बाळाला काढून आजीच्या कबरीत ठेवावं, प्रार्थना व्हावी, दगडावर नाव यावं, असा अर्ज त्यांनी करायचा ठरवला होता. अर्ज करावा लागला नाही. फादरनी त्यांना दफनभूमीच्या मागच्या बाजूला नेलं आणि दाखवलं. गोदामांकडे जाणारा रस्ता रुंद करताना मागची भिंत आत घेतली होती. ती पट्टी आता रस्त्यात होती. खोदताना जे सापडलं ते कमिटीने एका खड्ड्यात एकत्र ठेवलं, कुणाचं काय ते सांगता येत नव्हतं. ज्यांची मुलं होती त्यांना कळवायला नावंच नव्हती.

पप्पा परत आले. आईसमोर उभे राहिले. 

"रोजी, ती पट्टी राहिली नाही. भिंत आत घेतली."

"ठाव हाय," आई म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात. जेसीबी चालत होता तवा मी हितंच होते. तीन दिवस येत होते."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं न्हाय."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रिक्षाला हात दाखवला. पप्पा मागे उभे राहिले. रिक्षात बसल्यावर आईने रिक्षावाल्याला बाजारात जायला सांगितलं. पप्पांसाठी थांबायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांना चालत यायला आवडतं.